मामांच्या अन्ननलिकेचा रंग

मी काय काम करते ते आमच्या घरात अजून कुणाला धड कळलेलं नाही. लॅबमध्ये आहे म्हटलं की लोक लगेच बाही वर करतात, म्हणजे घे रक्त. साताऱ्यात आमच्या शेजारच्या काकूंनी तर एकदा लघवीची बाटलीच हातात दिली होती, पिशवीत घालून, आणि त्याच पिशवीत चार चिकू, मी सांगलीला चालले होते म्हणून. मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि माझ्या टेबलावर रक्तही येत नाही आणि लघवीही येत नाही. माझ्याकडं तुकडे येतात. पोटातनं, घशातनं, कुठनं कुठनं दुर्बिणीनं काढलेले, तांदळाच्या कणीएवढे. ते आम्ही मेणात बसवतो, मेणाची वडी करतो आणि मशीनवर त्याचे इतके पातळ काप काढतो की शेजारी कुणी शिंकलं तर गेला. काप कोमट पाण्यावर सोडायचा, तो दुधावरच्या सायीसारखा पसरतो, मग खालनं काच घालून अलगद उचलायचा. मला हे लय आवडतं. पहिल्यांदा माझा काप एकही सुरकुती न पडता काचेवर आला, त्या दिवशी मी नुसत्या काचेचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. आईनं विचारलं, चष्मा फुटला का तुझा.

पण खरी गंमत त्याच्या पुढं आहे, रंगात.

साधा रंग सगळ्याच तुकड्यांना लागतो, गुलाबी-जांभळा. त्यात पेशींची ठेवण दिसते, कोण कुठं उभं आहे, कोण वाकडं उभं आहे. पण काही काही तुकड्यांना आमच्या मॅडम खास रंग सांगतात. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेल्या, माझ्याशी बोलताना पण मान वर करत नाहीत, मी आले हे त्यांना चपलेच्या आवाजावरनं कळतं. तर हा खास रंग प्रोटीनसाठी असतो. प्रोटीन म्हणजे फक्त डाळ आणि अंडी नाही हे मलाही कॉलेजात गेल्यावरच कळलं. पेशीच्या आत हजारो जातीची प्रोटीनं काम करत असतात आणि त्यातलं एक आहे पी फिफ्टी थ्री. त्याचं काम म्हणजे लक्ष ठेवणं. पेशीत काही बिघडलं की हे म्हणतं, थांब, वाढू नकोस, आधी दुरुस्ती. काम झालं की ते मोडून जातं, त्यामुळं चांगल्या पेशीत ते फारसं सापडतच नाही. पण ते स्वतःच बिघडलं की मोडत नाही, साठत जातं. आम्ही काचेवर एक थेंब घालतो, तो नेमका त्यालाच जाऊन चिकटतो, आणि मग जिथं जिथं चिकटला तिथं तपकिरी रंग उमटतो. म्हणजे कॅन्सर व्हायच्या कितीतरी आधी, अजून काहीच झालेलं नसताना, काचेवर दिसतं की इथं काहीतरी शिजायला लागलंय. मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना कराडपासून पेठ नाक्यापर्यंत सांगत आले होते. त्या बिचाऱ्या उतरताना म्हणाल्या, लग्न ठरलंय का तुझं.

आता मामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सैन्यातनं रिटायर होऊन आले, मेढ्याच्या वरच्या अंगाला गाव आहे तिथं घर, थोडी स्ट्रॉबेरी लावतात, आणि महाबळेश्वरात टॅक्सी चालवतात. टॅक्सीत पुढं देवाचा फोटो आणि त्याच्या खालीच जळजळीच्या पावडरीच्या पुड्या. पॅसेंजरला वाटतं घाटात मळमळेल म्हणून आपल्यासाठी ठेवल्यात, केवढी काळजी. त्या मामांसाठी असतात. ‘घशाशी येतंय’ हे मामा असं म्हणायचे जसं लोक म्हणतात आज ढग आहेत. रात्री गाडी लावून घरी पोचायलाच उशीर, त्यावर मामींच्या हातचा झणझणीत रस्सा, आणि हात धुतला की आडवे. मग पहाटे आंबट पाणी तोंडात येऊन उठायचे, उशीवर उशी ठेवून बसल्या बसल्याच झोपायचे. आवाज पण घोगरा झाला होता. आम्हाला वाटायचं सैन्यात ओरडून ओरडून झाला असेल.

गौरीच्या जेवणाला आम्ही सगळे साताऱ्याला आमच्या घरी जमलो होतो. मामा पुरणपोळीवर आडवा हात मारून उठले आणि खोकत खोकत सोडा शोधायला लागले. मी सहज विचारलं, किती वर्षं होतंय असं. ते म्हणाले, ‘वरती बर्फात पोस्टिंग व्हतं तवापासनं. सगळ्यांनाच असतंय ते.’

झालं, मला विषयच मिळाला. हातात पोळी तशीच धरून मी सुरू झाले. पोटातलं आंबट वर्षानुवर्षं वर चढत राहिलं की अन्ननलिकेचं आतलं अस्तर कंटाळतं आणि स्वतःचं रूप बदलून टाकतं, पोटाच्या, आतड्याच्या अस्तरासारखं होऊन बसतं. बहुतेकांचं तिथंच थांबतं, काही होत नाही. पण थोड्या लोकांत ते तिथनं पुढं सरकतं, पायरी पायरीनं, सावकाश, आणि शेवटच्या पायरीवर कॅन्सर असतो. मात्र खालच्या पायरीवरच बघता येतं, तुकडा काढून, रंग लावून. मी इतक्या उत्साहात सांगत होते की समोर काय चाललंय हे मला दिसलंच नाही. मावश्यांनी जेवण थांबवलं होतं. आई डोळ्यांनी मला गप्प करत होती. मामी मामांकडं बघत होत्या.

मामांनी एवढंच विचारलं, ‘आन त्यो तुकडा तुज्याकडंच येणार व्हय?’

मी म्हटलं, सांगलीला आलात तर माझ्याकडंच.

‘मंग येतो. साताऱ्यात दवाखाने लय हायती, पर आतलं माणूस न्हाई.’

असे मामा आणि मामी दुर्बिणीच्या आदल्या दिवशी सांगलीत माझ्या खोलीवर मुक्कामाला आले, स्वतःची टॅक्सी घेऊन. मी ज्यांच्याकडं भाड्यानं राहते त्या मालकीणबाईंच्या घरात सगळे हळदीच्या व्यापारातले. मामींची आणि त्यांची जिन्यातच गट्टी जमली. रात्री मी दोघांना समोर बसवून सांगितलं, उद्या सकाळी काही म्हणजे काही खायचं नाही, पाण्याचा घोट पण नाही, पोट रिकामं पाहिजे. मामा म्हणाले, आम्ही उपाशी लढलोय, तू आम्हाला काय सांगतेस. मी निवांत झोपले.

सकाळी हॉस्पिटलात मामांना दुर्बिणीच्या खोलीत घेतलं. मी त्याच आवारातल्या लॅबची म्हणून मला दारात उभं राहू दिलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लं का. मामा म्हणाले, नाही. काही प्यायलात का, पाणी वगैरे. थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, आ करा, घशात बधिरीचा फवारा मारायचाय.

मामांनी आ केला. जीभ पिवळीजर्द.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मामांकडं बघितलं. मामांनी दाराच्या काचेतनं बाहेर मामींकडं बघितलं, आणि मामी तिथं मांडीवर पिशवी घेऊन, आपलं काम चोख झालेल्या माणसाच्या समाधानानं बसल्या होत्या.

मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात त्यांनी माझ्याच गॅसवर पेलाभर हळद-दूध करून मामांना पाजलं होतं. हळद मालकीणबाईंची, खास सांगलीची. मी बाहेर येऊन वैतागून विचारलं तर मामींना माझंच नवल वाटलं.

‘आगं, एवढी नळी आत घालणार म्हंजी खरचटणारच की. हळद आदीच आतनं लागलेली बरी. आन त्ये काय खाणं हाय व्हय? त्ये औषध हाय.’

मग मामांना विचारलं, तुम्ही डॉक्टरांना सांगितलं का नाही. तर ते म्हणाले, त्यांनी पाणी विचारलं, जेवण विचारलं, औषधाचं कुणी विचारलंच नाही. डॉक्टर चांगले होते, हसले. आत सगळं पिवळं दिसेल आणि दूध फुप्फुसात गेलं तर पंचाईत, म्हणून दुपारपर्यंत थांबायला लावलं. तेवढ्या वेळात मामांनी वॉर्डबॉयला महाबळेश्वरला यायचं आमंत्रण दिलं, वॉचमन माजी सैनिक निघाला त्याच्याशी रेजिमेंटवरनं वाद घातला, आणि मामींनी शेजारच्या बाकावरच्या दोन बायकांना हळद-दूध किती वाजता द्यावं ते समजावून सांगितलं. त्या बायकांचे नवरे पण दुर्बिणीलाच आले होते. मी धावत जाऊन थांबवलं.

दुपारी झालं एकदाचं. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, लय काय नाही, बंदुकीची नळी साफ करतात तसंच, फक्त बंदूक आपण. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं होतं, वरनं फिकट गुलाबी अन्ननलिका आणि खालनं, पोटाच्या बाजूनं, लालसर जिभेसारखा पट्टा वर चढलेला. त्या पट्ट्यातनं तुकडे काढले, छोट्या बाटलीत घातले, आणि ती बाटली दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आली. वर मामांचं नाव. मी किती बाटल्या हाताळल्यात त्याला गणती नाही, पण ही मी दोन्ही हातांनी उचलली.

पहिला साधा रंग झाला, काचा मॅडमकडं गेल्या. मॅडमनी बराच वेळ बघितलं. मग मान वर केली, आणि मॅडम मान वर करत नाहीत. त्या म्हणाल्या की अस्तर बदललंय हे नक्की. त्याची एवढी भीती नाही. पण एका ठिकाणी पेशी जरा वेड्यावाकड्या दिसतायत. जळजळीनं भाजून सुजल्या तरी पेशी अशाच दिसतात, आणि बिघडायला सुरुवात झाली असली तरी अशाच दिसतात. नुसतं बघून सांगता येत नाही.

‘पी फिफ्टी थ्री लावू या,’ त्या म्हणाल्या.

जे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, एसटीत, भाजी घेताना लोकांना आनंदानं समजावून सांगत आले, ते या वेळी मला मामांच्या नावापुढं लिहावं लागलं.

डॉक्टरांनी मामांना फोन करून सांगितलं की त्याच तुकड्यावर अजून एक तपासणी करायची आहे, परत यायला नको, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर आमच्याकडं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळपर्यंत मामींचा आईला फोन, आईचा मला, टॅक्सी स्टँडवरच्या कुणाचा तरी मामांना कुठल्यातरी झाडपाल्याचा पत्ता. आई म्हणाली, तुला कळलं असेलच, आम्हाला सांगत नाहीस. मी शपथेवर सांगितलं की नाही माहीत, आणि रविवारी पहाटेची एसटी पकडून साताऱ्याला गेले, आईला घेतलं, मेढ्याला गेले, तिथनं मामांनी गाडी पाठवली.

मामी चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. मामा उंबऱ्यावर. मी मध्ये बसून सगळं परत पहिल्यापासनं सांगितलं, या वेळी हळू. मामांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले की म्हणजे डाग उठला नाही की सुटलो. मी म्हटलं, तसं पण नाही. बिघाड इतका असेल की पेशीला ते प्रोटीन बनवताच येत नाही, तर रंग अजिबातच चढत नाही, एकदम कोरं दिसतं. ते पण वाईट. सगळीकडं गडद तपकिरी दिसलं तरी वाईट. चांगलं म्हणजे फिकट, इथं एक, तिथं एक, असे विखुरलेले ठिपके.

मामा चिडले. ‘काळं बी वाईट, कोरं बी वाईट. मंग चांगलं दिसतंय तरी कसं?’

मामींनी आरावरची भाकरी उचलून, फुंकर मारून त्यांच्यापुढं धरली. ‘हे असं,’ त्या म्हणाल्या. ‘सगळी काळी झाली तर करपली. एक बी डाग न्हाई तर कच्ची.’

मी बघतच राहिले. भाकरीवर खरंच फिकट, विखुरलेले, तपकिरी ठिपके. मी दोन वर्षं जे सांगायला धडपडत होते ते त्यांनी चिमट्यात धरून दाखवलं होतं. मी लगेच मोबाइल काढून भाकरीचा फोटो घेतला. आई म्हणाली, आता भाकरीचे पण फोटो.

पण मामांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, भाकरीचा काय संबंध, हा पहाऱ्याचा मामला आहे. पहारेकरी आला, ड्यूटी केली, दुसऱ्याला चार्ज दिला, गेला, हे बरोबर. जो पोस्ट सोडतच नाही, तिथंच पडून राहतो, तो झोपलाय नाहीतर प्यालाय. असले एकाच ठिकाणी जमायला लागले की समजायचं कॅम्पात गडबड आहे. आणि पोस्टवर कुणीच नसेल तर ती पण गडबड. मी म्हटलं, मामा, हे पण बरोबर आहे.

‘दोन्ही बरोबर कसं असंल?’ मामी म्हणाल्या.

‘तू कवा पहारा केलाईस?’

‘तुमी कवा भाकरी केलाईसा?’

त्यावर जे सुरू झालं ते जेवण होईपर्यंत चाललं. मामा म्हणत होते, लष्करात भाकऱ्या पण केल्यात. मामी म्हणत होत्या, त्या रोट्या, आणि त्या पण कोण खात होतं देव जाणे. आई हसून हसून खोकायला लागली तेव्हा मामांनी आपली पावडरीची पुडी पुढं केली. जेवणात रस्सा नव्हता ते माझ्या नंतर लक्षात आलं. फिकं वरण, भाकरी, दोडक्याची भाजी.

निघताना मामा मला सोडायला गाडीपर्यंत आले. आई आणि मामी दारात बोलत होत्या, लांब. मामा गाडीचं दार उघडून तसेच उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘वाईट निघालं तर आदी मला सांग. हिला मी सांगीन. माज्या तोंडनं.’

मला सांगावं लागलं की मी कुणालाच आधी सांगू शकत नाही, डॉक्टर सांगतील, तसा नियम आहे. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, ‘बरं हाय. तू रंग तेवढा नीट चढव.’

नातेवाइकाचं काम दुसऱ्यानं करायचं अशी आमच्याकडं पद्धत आहे. पण दुसरा टेक्निशियन बहिणीच्या लग्नाला रजेवर होता. मॅडम म्हणाल्या, तू कर, बघायचं काम माझं, आणि कुठं अडलीस तर मला हाक मार. मेण उतरवलं, काचा धुतल्या. मग आमच्याकडं एक प्रेशर कुकर आहे, खराखुरा, स्वयंपाकघरातला, त्यात काचा ठेवून शिट्टी काढायची, म्हणजे आवळून बसलेली प्रोटीनं उष्णतेनं मोकळी होतात आणि थेंब त्यांच्यापर्यंत पोचतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला त्या कुकरचं हसू येतं. त्या दिवशी मी त्याच्यासमोर उभी राहून शिट्टीची वाट बघत होते, आणि मामा त्याच वेळी गाडी घेऊन सांगलीला निघाले होते. रिपोर्ट घ्यायला येतो म्हणाले. मी म्हटलं मोबाइलवर येईल, तर म्हणाले, तसलं नको.

थेंब घातला. ओल्या डब्यात ठेवून वाट बघितली. दुसरा थेंब. मग रंग. शेवटी निळा, पेशी उठून दिसाव्यात म्हणून. काच पुसली आणि मॅडमकडं न्यायच्या आधी, नुसता रंग चढलाय का ते बघायला, माझ्या छोट्या मायक्रोस्कोपखाली ठेवली.

सगळं तपकिरी. गडद, कुठंही मोकळी जागा नाही, पेशीमागून पेशी.

डोळ्यांपुढं मामा गाडीचं दार धरून उभे. काच घेऊन मॅडमकडं गेले, त्यांच्यापुढं ठेवली. मॅडमनी बघितलं आणि मान वर न करता म्हणाल्या, ‘ही कंट्रोलची बाजू आहे गं.’

प्रत्येक काचेच्या एका टोकाला आम्ही पक्क्या कॅन्सरचा एक जुना तुकडा लावतो. तो तपकिरी व्हायलाच पाहिजे, नाही झाला तर रंगच बिघडलाय असं समजायचं. तो तुकडा सकाळी मीच लावला होता. शिकायला येणाऱ्या पोरींना मीच बजावते की आधी टोक बघा, मग घाबरा. मॅडम म्हणाल्या, कॅन्सर तर छान रंगलाय, आता मामा बघू. आणि त्यांनी काच सरकवली.

त्या काच इतकी सावकाश फिरवतात. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग खाली, मग परत. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. जिथं पेशी वेड्यावाकड्या होत्या तिथं त्या थांबल्या. खूप वेळ. साध्या रंगाची काच मागवली, ती बघितली, परत ही. मग म्हणाल्या, ये, बघ. मॅडमच्या मायक्रोस्कोपला समोरासमोर दोन जणांना बघता येईल अशी सोय आहे. मी डोळे लावले. निळं निळं, पेशींच्या रांगा, आणि त्यात फिकट तपकिरी, एक इथं, एक तिकडं, दोन तिकडं लांब. बाकी निळं.

मॅडम म्हणाल्या, ‘सुजलेल्या पेशी आहेत. जळजळीच्या. चांगलं आहे.’ आणि लगेच, ‘मी रिपोर्टवर सही करते, तो डॉक्टरांकडं जाऊ दे. तोपर्यंत तोंड बंद. जमेल?’

मी हो म्हटलं. मॅडम हसल्या, कारण त्या मला ओळखतात.

मामा खाली बाकावर बसले होते, एकटेच. मामींना सांगितलं होतं की पॅसेंजर घेऊन चाललोय. इस्त्रीचा शर्ट घातलेला, पाठ ताठ. मी ठरवून चेहरा अगदी कोरा केला आणि त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं की रिपोर्ट डॉक्टरांकडं जातोय, थोड्या वेळात बोलावतील, मला काही माहीत नाही. आवाज पण बरोबर लावला होता.

मामांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांची पाठ बाकाला टेकली.

‘जिना उड्या मारत उतरलीस,’ ते म्हणाले. ‘दोन दोन पायऱ्या. वाईट बातमी घेऊन माणूस असं येत न्हाई, पोरी.’

मी म्हटलं मी रोजच अशी उतरते. ते खरं पण आहे. त्यांनी ऐकलंच नाही. खिशातनं रुमाल काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले, आणि मग वॉचमनला हाक मारून चहा कुठं चांगला मिळतो ते विचारलं.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं. अस्तर बदललंय, ते बदललेलंच राहील, पण बिघडत चाललंय असं प्रोटीनच्या रंगावरनं दिसत नाही. सकाळी उपाशीपोटी गोळी, रात्रीचं जेवण लवकर, जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. आणि ते सांगतील तेव्हा परत दुर्बीण, कारण आज दिसत नाही म्हणजे कधीच होणार नाही असं नाही. मामांना हे अर्धवट वाटलं. सैन्यातल्या मेडिकलला एक शिक्का असतो, हा किंवा तो. त्यांनी सरळ विचारलं, मग मी फिट का अनफिट.

डॉक्टर म्हणाले, ‘फिट. पण अधूनमधून हजेरी द्यायची.’

‘सर,’ मामा म्हणाले, आणि मला वाटलं आता सलाम ठोकतात.

बाहेर आल्यावर त्यांनी आधी मामींना फोन लावला. सगळं ठीक आहे, गोळ्या दिल्यात, आणि हो, मी सांगलीत आहे. पॅसेंजर खोटा होता म्हटल्यावर पलीकडनं मामी काय काय बोलल्या ते मला दोन पावलांवर उभी असून सगळं ऐकू आलं, ते मी इथं लिहीत नाही. मामा नुसते व्हय व्हय करत होते आणि हसत होते.

मग त्यांनी दुसरा नंबर लावला. रोपवाटिकेवाल्याचा. ह्या वर्षीची स्ट्रॉबेरीची रोपं शिल्लक आहेत का विचारलं. मला नवल वाटलं, कारण गावातल्या बाकीच्यांची रोपं केव्हाच येऊन पडली होती, काहींची लावून पण झाली होती. मी खुणेनंच विचारलं, एवढ्या उशिरा?

त्यांनी फोनवर हात ठेवला. ‘म्हटलं आदी बघू, फळं खायला आपण हाय का न्हाई.’

एवढं बोलून ते परत फोनवर गेले. पलीकडचा बहुतेक विचारत होता की इतके दिवस कुठं होता, चांगली रोपं सगळी गेली, आता उरलीसुरली घ्यावी लागतील. मामा उन्हात गाडीला टेकून उभे होते, एक पाय दुसऱ्यावर टाकून.

‘न्हाई रं गड्या,’ ते म्हणाले, ‘गाडी सर्व्हिसिंगला लावली व्हती. आतनं बगून घेतली. आता पळंल.’